अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत पदवीसाठी अर्ज: बोर्डाच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात कुठून करावी

हार्वर्ड किंवा एमआयटीचे नाव घरात निघाले की पहिली चौकशी एसएटी या प्रवेश परीक्षेच्या क्लासची होते. माझ्या मते पहिले काम पैशांच्या हिशेबाचे, आणि ते अकरावीच्या दिवाळीपर्यंत उरकावे.

राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा खर्च ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात जातो. आईवडील दरवर्षी नेमके किती देऊ शकतात, हे स्पष्ट बोलून घ्या. आयव्ही लीगमधली (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या खासगी विद्यापीठांच्या गटातली) आर्थिक मदत गुणांवर मिळत नाही, कुटुंबाची ऐपत पाहून मिळते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था प्रवेश ठरवताना परदेशी विद्यार्थ्यानेही मदत मागितली आहे का, हे पाहत नाहीत. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल पाहतात. म्हणून काही जण मदत हवी असूनही ‘नको’ लिहितात. तसे मुळीच करू नका. स्टॅनफर्डमध्ये अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढे शिकतानाही मागता येत नाही. विद्यापीठांची यादी या हिशेबावरून करा.

दुसरे काम शाळा-कॉलेजचे, आणि आपल्याकडची मुले इथेच सर्वांत जास्त अडतात. नववीपासूनचे गुण द्यावे लागतात, म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेत आणि ज्युनिअर कॉलेजात, दोन्हीकडे हेलपाटे आले. ते पाठवण्याचे काम समुपदेशकाचे; कॉलेजात समुपदेशक नसेल तर ती जबाबदारी प्राचार्य किंवा उपप्राचार्य घेऊ शकतात. त्यांना आधीच भेटा. शिफारसपत्रे त्याहून अवघड. इंटिग्रेटेड, म्हणजे क्लासशी जोडलेल्या कॉलेजात वर्गावर न गेलेल्या मुलाबद्दल शिक्षक लिहिणार तरी काय? अकरावीपासून तासांना बसा, प्रॅक्टिकलला शंका विचारा. एमआयटीला एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचे लागते आणि दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या, म्हणजे मराठीच्या बाईंचेही चालेल. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असे सर म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणा. त्याऐवजी वर्गात तुम्ही काय केले याची पानभर टिपणे त्यांना द्या. पत्र त्यांनीच लिहायचे आणि त्यांच्याच ईमेलवर आलेल्या दुव्याने चढवायचे.

परीक्षेचे थोडक्यात: हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड एसएटी किंवा तशीच एसीटी ही परीक्षा मागतात, कोलंबिया मागत नाही. नियम बदलतात, त्यामुळे संकेतस्थळ स्वतः पाहा.

कॉमन ॲप, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडते. त्यात १० उपक्रमांची जागा असते, प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरे. घरच्या दुकानावर बसणे, आजारी आजीची देखभाल करणे हेही तिथे लिहिता येते, आणि अवश्य लिहावे. केवळ अर्जासाठी काढलेल्या स्वयंसेवी संस्थेपेक्षा ते कितीतरी खरे असते. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. तो विकत घेऊ नका. आधी मराठीत सुचत असेल तर मराठीतच मांडा, मग इंग्रजीत नव्याने लिहा.

लवकरच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नियमित अर्जाची जानेवारीच्या सुरुवातीला. लवकरच्या अर्जाचा ‘अर्ली डिसिजन’ हा प्रकार बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तो घ्यायचाच. मदतीचा अंदाज नसताना तो निवडू नका.

हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटीत शंभरातले पाचही घेतले जात नाहीत. तेव्हा जेईई, सीईटीचे अर्ज भरूनच ठेवा. नियमित अर्जाचे निकाल साधारण मार्चअखेरपर्यंत येतात आणि साधारण १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. त्यानंतर लागणारा बारावीचा निकालही त्यांना पाठवावा लागतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाचा अभ्यास सोडू नका.