गाडीत बसण्याआधी पॉडकास्ट उतरवून घ्या
पॉडकास्टच्या अ‍ॅपमध्ये नुसतं ‘तत्त्वज्ञान’ किंवा ‘व्यसनमुक्ती’ टाकलंत तर प्रवचनंच पुढ्यात येतात. त्यापेक्षा माणसाचं किंवा संस्थेचं नाव टाका. व्यसनमुक्तीसाठी १९८६ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगणचं, उदाहरणार्थ. एखादा पाहुणा आवडला की त्याच्याच नावाने पुन्हा शोधा, तो आणखी कुठेतरी गप्पा मारून आलेला असतो. मुलाखत घेणाराच जास्त बोलत असेल तर दहा मिनिटांत सोडून द्या.

कोकण रेल्वेने निघणार असाल तर भाग घरच्या वायफायवरच डाउनलोड करा. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, तिथे कसली रेंज! ऑटो-डाउनलोड मात्र बंद ठेवा, नाहीतर गणपतीचे फोटो काढायला फोनमध्ये जागा उरायची नाही.