गरोदरपणातील दात-हिरड्यांची काळजी: पहिल्या मळमळीपासून माहेरी जाईपर्यंत

माझ्या धाकट्या जावेची दाढ चौथ्या महिन्यात ठणकू लागली. घणसोलीहून ठाण्याला रोज लोकलने ये-जा करणारी ही मुलगी पंधरा दिवस मऊ भात आणि ताकावर राहिली, कारण घराजवळच्या एका दवाखान्यातून ‘आता काही करता येणार नाही, बाळंतपणानंतर या’ असे सांगून तिला परत पाठवले होते. तिची झोप उडाली, वजन वाढेना, चिडचिड वाढली. अखेर नेरूळला एका दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत, हिरडीत भुलीचे इंजेक्शन देऊन, दाढेतला पू काढण्यात आला आणि त्याच रात्री ती पोळी-भाजी जेवली. गरोदरपणात दातांना हात लावायचा नसतो हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे, की सुशिक्षित घरांतही दाढदुखी ही सोसण्याचीच गोष्ट मानली जाते. म्हणून कोणत्या महिन्यात काय करावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

दिवस गेल्याचे कळल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नाव नोंदवतानाच दंतवैद्याकडेही एकदा तोंड दाखवून यावे. काही दुखत नसले तरी जावे, कारण कीड लागलेली दाढ पहिल्या काही महिन्यांत हेरली गेली तर उपचाराची वेळ आपल्याला निवडता येते. पहिल्या तिमाहीतला खरा त्रास मळमळ आणि उलट्या यांचा असतो. उलटीबरोबर पोटातले आम्ल तोंडात येते आणि दातांवरचे टणक आवरण, म्हणजे इनॅमल, काही काळ मऊ पडते. तोंडाची चव गेली म्हणून लगेच ब्रश घेतला, तर हे मऊ झालेले आवरणच घासले जाते. त्याऐवजी कपभर पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्याने खळखळून चूळ भरावी, ते पाणी गिळू नये, आणि ब्रश अर्ध्या तासाने, जमल्यास तासाभराने करावा. कामावर जाणाऱ्या स्त्रीने सोड्याची लहानशी पुडी पर्समध्ये ठेवावी. सोडा नसला तर साध्या पाण्याच्या चुळाही उपयोगी पडतात. ब्रश तोंडात घालताच उबळ येत असेल तर लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्यावा, पेस्ट वाटाण्याएवढीच आणि सौम्य चवीची, पण फ्लोराइड असलेली वापरावी. दात सकाळी उठल्याउठल्याच घासले पाहिजेत असे नाही. पोट शांत असेल तेव्हा घासले तरी चालते.

दुसऱ्या महिन्यापासून हिरड्यांची तक्रार सुरू होऊ शकते. बेसिनमध्ये थुंकलेला फेस गुलाबी दिसतो, पेरू चावताना फोडीवर रक्ताचा ठिपका उमटतो आणि बाई घाबरते. याचे कारण असे, की शरीरात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरके वाढल्यामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि दातांवर साचणाऱ्या ज्या किटणाकडे हिरडी एरवी फारसे लक्ष देत नाही, त्याच किटणाने ती आता सुजते. म्हणजे मूळ दोष किटणाचा. संप्रेरके तो वाढवतात. रक्त येते म्हणून ब्रश करणे सोडले तर किटण साचत जाते आणि रक्त आणखी येते. मऊ ब्रशची टोके हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर तिरकी टेकवावीत, जोर न लावता जागच्या जागी बारीक हालचाल करावी आणि एका वेळी दोन-तीन दात घेत पुढे सरकावे. असे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे करावे. आठ-दहा दिवसांतही रक्त कमी झाले नाही तर दाताच्या दवाखान्यात जाऊन किटण काढून घ्यावे. या सफाईने दात सैल होतात हा गैरसमज आहे. क्वचित दोन दातांच्या मधल्या हिरडीवर लालभडक, चटकन रक्त येणारी गाठ वाढते. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा बाळंतपणानंतर ओसरते, तरीही दंतवैद्याला दाखवावीच.

हिरड्यांचा आजार आणि अकाली प्रसूती यांचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. मात्र गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने अकाली प्रसूती टळते, असे सिद्ध झालेले नाही. उपचार घ्यायचे ते आईला नीट खाता-झोपता यावे म्हणून, आणि माझ्या मते तेवढे कारण पुरेसे आहे. दुसरा जुना समज असा, की बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते आणि प्रत्येक बाळंतपणाला एक दात जायचाच. दातांतले कॅल्शियम असे परत निघत नाही. आहारात ते कमी पडले तर शरीर हाडांतून घेते. दात जातात ते कीड आणि हिरड्यांच्या आजाराने.

चौथा ते सहावा महिना हा नियोजित उपचारांसाठी सर्वात सोयीचा काळ असतो, कारण मळमळ ओसरलेली असते आणि पोट अजून फार मोठे झालेले नसते. दाढ भरणे, रूट कॅनाल, अगदी दात काढणेही या काळात करता येते. पू झाला, चेहऱ्याला सूज आली किंवा ताप आला, तर मात्र महिना मोजत बसू नये, त्याच दिवशी जावे. आवश्यक तेव्हा पोटावर संरक्षक आवरण घेऊन काढलेला दाताचा एक्स-रे आणि लिग्नोकेनची स्थानिक भूल ही दोन्ही गरोदरपणात सुरक्षित मानली जातात. चांदी भरायचे सुचवले तर दातांच्या रंगाचे दुसरे मिश्रण मागावे, कारण चांदीत पारा असतो. पाचव्या महिन्यानंतर खुर्चीत सरळ उताणे झोपू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून घेरी येते. उजव्या कुशीखाली छोटी उशी घेऊन किंचित डाव्या अंगावर कलावे आणि मधूनमधून बसते करायला सांगावे. औषधांच्या बाबतीत दुकानदाराचा सल्ला अजिबात घेऊ नये. वेदनेसाठी बहुधा पॅरासिटामॉल दिले जाते, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळतात, आणि टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांमुळे बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. म्हणून कोणताही दवाखाना असो, आपण गरोदर आहोत आणि कितवा महिना आहे, हे बसण्यापूर्वीच सांगावे.

डोहाळे लागले की चिंच, कैरी, आवळा यांना नाही म्हणवत नाही आणि म्हणूही नये. फक्त ते दिवसभर चघळत न बसता जेवणाबरोबर खावे आणि नंतर पाण्याने तोंड धुवावे. खजूर, चिक्की, डिंकाचे लाडू दातांना चिकटून राहतात. रात्री ब्रश झाल्यावर यांतले काही तोंडात जाऊ नये.

मशेरीबद्दल मात्र सवलत नाही. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते’ असे सांगणाऱ्या बायका आपल्या नात्यातही असतात, पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे आणि तिचे निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जाते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ज्या स्त्रिया मशेरी किंवा अन्य स्वरूपात धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूतीही सुमारे सहा दिवस आधी झाली. सासूबाईंना सोडवता आली नाही तरी निदान सुनेच्या हाती तो डबा देऊ नये.

खर्चाची अडचण असेल तर नवी मुंबई परिसरात नेरूळ, सीबीडी बेलापूर, खारघर आणि कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत. तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात आणि दर खाजगी दवाखान्यांपेक्षा बरेच कमी असतात. वेळ मात्र हाताशी ठेवून जावे, आणि सोबत खायला डबा न्यावा. सरकारी व पालिकेच्या केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. कळव्याला किंवा वाशीला त्यासाठी गेलात, तर डॉक्टरांना दातांबद्दल आपणहून विचारा, कारण त्या गर्दीत तोंड उघडून पाहण्याची आठवण राहतेच असे नाही.

त्रास कितपत आहे हे डॉक्टरांना सांगताना ‘थोडे दुखते’ एवढ्यावर थांबू नये. एका बाजूने चावता का, दुखण्याने रात्री जाग येते का, काही पदार्थ सोडले आहेत का, तोंडाच्या वासामुळे चारचौघांत बोलायचे टाळता का, याची उत्तरे द्यावीत. तोंडाच्या आरोग्याचा जीवनमानावरील परिणाम मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी १४ प्रश्नांची प्रश्नावली अशाच गोष्टी विचारते.

सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जायचे असेल, तर त्याआधी रूट कॅनालची उरलेली बैठक पूर्ण करून घ्यावी. काही काम राहिलेच तर एक्स-रे आणि केसपेपरची प्रत सोनोग्राफीच्या फाइलमध्ये घालून सोबत न्यावी, म्हणजे साताऱ्याच्या किंवा चिपळूणच्या दंतवैद्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.