स्वतःचे गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वीचे कागद

वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव स्वतः लावण्या रचत, स्वतः फडावर उभे राहत आणि शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. लावणी कोणाची हे त्या नाममुद्रेमुळे आजही कळते. मात्र १९४५ साली निधन पावलेल्या या शाहिराचा अखेरचा काळ हलाखीतच गेला. आजच्या पॉप गाण्यात नाममुद्रा नसते, त्यामुळे तिचे आणि पोटापाण्याचेही काम कागदावर सोपवावे लागते.

गाणे पुरे होईल त्याच दिवशी वाटणीचा कागद करावा. त्यावर गाण्याचे नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, प्रत्येकाचा टक्का आणि सह्या असाव्यात. बीट करणाऱ्या मित्राने धृपदाची चाल सुचवली असेल, तर तो चालीतही वाटेकरी ठरतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, आम्ही पहिले गाणे ध्वनिमुद्रित केले आणि वाटणी ‘नंतर बघू’ म्हणून सोडली. पुढे त्या गाण्याला थोडे पैसे मिळाले आणि आमचे बोलणे बंद झाले.

शब्द आणि चाल यांवरचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणावरचा वेगळा. संगीत कंपनीच्या करारात बहुधा दोन्ही मागितलेले असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द करारात आवर्जून येतात. तिथेच बोट ठेवून ठरावीक मुदत मागावी. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला समान (हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा) वाटा, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) वगळता, कोणालाही लिहून देता येत नाही, त्यामुळे ‘एकरकमी घ्या आणि विसरा’ या बोलण्याला भुलू नये.

हा वाटा आपोआप घरी येत नाही. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सदस्यत्व घेऊन प्रत्येक गाणे नोंदवावे, आणि डिस्ट्रिब्यूटरकडून (गाणे ऑनलाइन मंचांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून) मिळणारा १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळखखूण, वहीत उतरवून ठेवावा. गीतकाराच्या रकान्यात मात्र केवळ आडनाव न लिहिता पूर्ण नाव, सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहावे. सांगली जिल्ह्यात पाटील किती, हे वेगळे सांगायला नको.