बाराबंदीतून रुग्णाचा सदरा: जुन्या शहाणपणातून नवी वस्तू कशी घडवावी

सोलापूरची ओळख सांगणारी वस्तू करायची म्हटलं की बहुतेक जण पिशवीवर सिद्धेश्वर मंदिराचं चित्र छापतात. चित्र चांगलंच दिसतं, पण त्यामुळे पिशवी अधिक उपयोगी होत नाही. आपल्या माणसांनी अडचणीवर शोधलेला तोडगा हाती लागला, तर वस्तू खरी इथली होते.

आधी एकच वस्तू निवडा आणि ती वापरणाऱ्याला भेटा. आपण बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घेऊ. सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांसोबत (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्यांसोबत) चालणारे भाविक ही पांढरी बाराबंदी घालतात. ती अंगात घालून पाहा, शिवणाऱ्याकडे तासभर बसा. तिला गुंडी नाही, काज नाही. पुढून पूर्ण उघडते, एक पदर दुसऱ्यावर येतो आणि बंदांनी बांधली जाते. अंग भरलं किंवा उतरलं तरी बंद सैल-घट्ट करून तीच चालते.

मग 'असं का?' विचारा. मिळालेली उत्तरं वहीत दोन रकान्यांत लिहा: एकीकडे रूप, दुसरीकडे काम. पांढरा रंग पहिल्या रकान्यात, 'डोक्यावरून घालावी लागत नाही' हे दुसऱ्यात. उचलायचा तो दुसरा रकाना.

आता हीच अडचण आज कुणाला आहे ते शोधा. खांद्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हात वर करता येत नाही. सलाइन लावलेल्या हातातून बाही काढताना घरच्यांची तारांबळ उडते. त्याच्यासाठी बाराबंदीच्या बेतावर सदरा करा, बाहीची शिवणही खांद्यापासून मनगटापर्यंत बंदांनी उघडणारी ठेवा.

नमुना शिवताना सुती कापड बेतण्याआधी दोनदा धुवा, नाहीतर आटल्यावर मापं चुकतील. बारा बंदांचा आग्रह नको. पुढे चार आणि बाहीला तीन-तीन पुरतात. बंद साधारण २५ सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे सुरगाठ मारता येते आणि एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ बसली तर सगळा खटाटोप वाया. गाठ पाठीखाली किंवा काखेत येऊ देऊ नका, झोपलेल्याला ती रुतते. पहिला नमुना जुन्या चादरीचा करा आणि रुग्णाची सेवा करणाऱ्या बाईंना एका हाताने सोडून पाहायला सांगा. त्या जिथे अडतील तिथेच दुरुस्ती. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

श्रद्धेच्या गोष्टींना हात लावताना जपा. बांधणीची युक्ती घ्या. नंदीध्वजाचं चित्र मात्र अंथरुणात मळणाऱ्या कपड्यावर नको. शंका असेल तर यात्रेतल्या मानकऱ्यांना विचारा. बेत दाखवणाऱ्या शिंप्याचं नाव त्याच्या संमतीने लेबलवर लिहा आणि विक्रीतला त्याचा वाटा आधीच ठरवा.

नावाबाबतही काळजी घ्या. 'सोलापुरी चादर' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाने माल विकायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आपला सदरा चादर नव्हे, तेव्हा ते नाव लावू नका.

शिलाईसाठी लांब जायला नको, इथे गणवेश शिवणारे कारखाने आहेत. सुरुवातीला दहाच सदरे शिवा, ओळखीच्या रुग्णांच्या घरी द्या आणि महिन्याभराच्या धुण्यानंतर परत मागून बंदांची टोकं उसवली आहेत का ते पाहा.