बागेत साका किती, हे थोडी फळं कापून कसं काढायचं

हापूसमधला साका, म्हणजे कोयीजवळचा गर आतून बिघडणं, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्याशिवाय कळत नाही, आणि सगळीच कापली तर विकायचं काय? म्हणून थोडी कापून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. तसं सगळेच करतात, पण बहुतेक जण पहिल्या क्रेटमधली वरची चार-पाच फळं कापतात आणि "यंदा साका नाय" म्हणून मोकळे होतात, त्याला काही अर्थ नाही.

समजा २०० कलमं आहेत. प्रत्येकाला नंबर द्या, खोडावर चुन्याने लिहिलात तरी चालेल, तेवढ्या चिठ्ठ्या करा, नीट हलवा आणि ५० उचला. चिठ्ठी हवीच, कारण मनाने निवडायला गेलं की पाय आपोआप गडग्यालगतच्या (दगडी कुंपणाजवळच्या), झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) सहज पोचेल अशा कलमांकडेच वळतात, आणि साक्याचा संबंध उन्हाशी, जमिनीच्या धगीशी आहे, त्यामुळे उघड्या कातळावरची फळं आणि दाट सावलीतली फळं सारखी निघणार नाहीत. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३०च्या दशकात बंगालातल्या तागाचा अंदाज काढताना शेतंसुद्धा अशीच चिठ्ठीसारखी निवडली होती.

प्रत्येक कलमाची दोन फळं घ्या, एक वरच्या फांदीचं, एक खालचं. चारच कलमांची पंचवीस-पंचवीस घेऊन शंभर भरवू नका, एका कलमाची फळं बरीचशी एकसारखी असतात, त्यातून बागेबद्दल फारसं नवीन कळत नाही. सगळी अढीत घाला, पिकली की कापा. कोयीजवळचा गर फिका, स्पंजासारखा आणि आंबूस लागला की तो साका. अढीत एखादं सडलं तर त्याच्या जागी चांगलं दिसणारं ठेवायचं नाही, सडलं असंच वहीत लिहा.

आता १०० पैकी २० साक्याची निघाली. लगेच "बागेत २० टक्के" म्हणू नका. साक्याचा वाटा ०.२ गुणिले बिनसाक्याचा वाटा ०.८ भागिले १००, त्याचं वर्गमूळ ०.०४, ही अंदाजातली साधारण चूक; दोन्ही बाजूंना तिची दुप्पट, ०.०८, धरा. म्हणजे खरा आकडा साधारण १२ ते २८ टक्क्यांत असेल. हा पट्टा अर्धा करायचा तर ४०० फळं कापावी लागतील, दुप्पट कापून भागत नाही. बागेत १० हजार फळं असोत की १ लाख, त्याने जवळपास काहीच फरक पडत नाही, हे पुष्कळांना पटत नाही पण खरंच आहे.

आणि हा आकडा तुमच्या बागेचा, त्याच तोडणीचा. शेजारच्या वाडीला लावू नका, मे महिन्यातल्या तोडणीला परत चिठ्ठ्या काढा.