ह्यूस्टनजवळ शुगरलँड-केटीत घर बघताय? पावसाचं पाणी कोण काढतं ते आधी विचारा

टेक्ससमध्ये स्टेट इन्कम टॅक्स नाही, या खुशीत आपण सगळेच इथे येतो. मग पहिली घरपट्टी येते. काउंटी समजते, शाळा समजते, पण खाली 'एमयूडी' (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) किंवा 'एलआयडी' (लेव्ही इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, लेव्ही म्हणजे पुराचा बांध) अशी ओळ असते, ती काय? एमयूडीला इथे सगळे 'मड' म्हणतात. मी वर्षभर त्याला चिखलाचा कर समजत होतो. फार चुकत नव्हतो म्हणा.

नाला तुंबला की महापालिकेच्या नावाने बोटं मोडायची आपली सवय. ह्यूस्टनच्या आसपास मात्र वसाहतीपुरतं एक छोटं सरकारच असतं, तेच हे डिस्ट्रिक्ट. त्याला कर लावता येतो, रोखे काढून कर्ज उभारता येतं, गटारं आणि तळी बांधता येतात. सुरुवातीचा खर्च बिल्डर करतो, मग डिस्ट्रिक्ट रोख्यांतून त्याचे पैसे देतं आणि ते कर्ज आपण वर्षानुवर्षं फेडतो. म्हणून नव्या वसाहतीत दर सहसा चढा. समजा 100 डॉलरमागे 60 सेंट दर आहे, तर साडेतीन लाखांच्या घराला वर्षाला 2,100 डॉलर. याची लेखी नोटीस करार पक्का होण्याआधी मिळायला हवी. सह्यांच्या गठ्ठ्यात ती शोधा आणि वाचा.

एलआयडी असलं म्हणजे वस्ती पुराच्या बांधाच्या आत. ब्राझोस नदी चढली की बांधाची दारं बंद करतात, मग आत पडलेला पाऊस पंपानेच बाहेर काढावा लागतो. 2017 मध्ये हार्वी वादळाच्या वेळी जवळच्या रिचमंडला नदी 55 फुटांवर गेली होती. घरामागच्या ज्या तळ्यासाठी 'लेक व्ह्यू' म्हणून मी जादा पैसे मोजले, ते कुंपणाच्या दुसऱ्या फळीला टेकलं. लेक कसला, पावसाचं पाणी साठवायचा खड्डा तो! तेव्हा पंप किती आणि वीज गेल्यावर ते कशावर चालतात, हे विचारायला लाजू नका.

डिस्ट्रिक्टचे संचालक निवडायला मत अमेरिकन नागरिकांनाच, पण बैठक सगळ्यांना खुली असते. एच-वन व्हिसावाल्यांनो, कर भरताय तर जाऊन बसा.

साध्या घरविम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा सहसा 30 दिवसांनी लागू होतो आणि वादळांचा मोसम 1 जूनला सुरू होतो, म्हणजे एप्रिलमध्येच उरकून टाका.

आणि इथले रस्ते मुद्दामच असे केलेत की जोराच्या पावसात पाणी आधी त्यांच्यावर साठावं. गाडी रस्त्यावर ठेवू नका, ड्राइव्हवेवर वर घ्या.