टेक्स्ट गेमसाठी तिकीट सॉफ्टवेअर निवडताना

तिकीट सॉफ्टवेअर म्हणजे खेळाडूंच्या तक्रारी (तिकिटं) नोंदवून त्यांचा पाठपुरावा करणारी प्रणाली. ते निवडताना सगळ्यात आधी एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅममधून थेट तिकीट टाकण्याची सोय) बघा. खेळाडूने गेममध्येच ‘बग’ कमांड टाकली की पात्राचं नाव, खोलीचा क्रमांक आणि स्क्रीनवरच्या शेवटच्या वीसेक ओळींसह तिकीट तयार व्हायला हवं. नुसता वेब फॉर्म दिलात, तर अर्ध्या तक्रारी ‘चालत नाही’ एवढ्याच येतील.

ओएसतिकीट (osTicket; पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारं सॉफ्टवेअर) यासाठी चांगलं. त्याची ‘एपीआय की’ (एपीआय वापरण्याची पासवर्डसारखी किल्ली) गेमच्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याला बांधलेली असते. गेमचा सर्व्हर बदलला की तिकिटं येणं बंद होतं, तेव्हा नवी ‘एपीआय की’ काढा.

गेमच्या मुख्य लूपमधून (सतत फिरत गेम चालवणाऱ्या कोडमधून) तिकीट सॉफ्टवेअरला थेट एचटीटीपी कॉल मात्र करू नका. बरेच मड (MUD, अनेकांनी एकत्र खेळायचे टेक्स्ट गेम) एकाच थ्रेडवर चालतात, म्हणजे एका वेळी एकच काम करतात, त्यामुळे उत्तर येईपर्यंत सगळ्यांचाच खेळ गोठतो. तक्रार फाइलमध्ये लिहा, वेगळी स्क्रिप्ट ती पुढे पाठवेल. पाठवण्याआधी एएनएसआय (ANSI) रंगांचे कोड, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं रंगवणारी चिन्हं, काढा, नाहीतर मजकुरात ‘[1;31m’सारखा कचरा दिसतो.

तक्रारी हाताळणारे स्वयंसेवक बरेच असतील तर माणशी शुल्क घेणारी सेवा महाग पडते. स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी बरी.

छळाच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग हवाच. स्वयंसेवक स्वतःही खेळतात, आणि आपल्याविरुद्धची तक्रार त्यांना दिसता कामा नये. एका साध्या स्वयंसेवकाच्या खात्याने लॉगिन करून हे तपासा.